नवरानवरीची परदेशवारी

मालवणच्या किनाऱ्यावर नवपरिणीत जोडप्यानें परदेशीं जाण्याची चाल फार जुनी आहे. हें विधान ऐकून कित्येक श्रोत्यांस नवल वाटेल. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यांत विमानांत बसून दूरच्या बेटावर जाणारीं जोडपीं हल्लीं कोंकणांतही दिसतात, आणि ही हौस कालपरवांची आहे असाच सर्वांचा समज आहे. ‘मधुचंद्र’ हा शब्ददेखील इंग्रजीवरून बेतलेला. तो मराठी माणसाच्या तोंडीं रुळावयास बराच काळ लागला. पण ज्यांच्या तोंडीं हा शब्द कधींच आला नाहीं, अशा आज्या-पणज्या लग्नाचा मांडव उतरतांच ट्रंका भरीत आणि युरोपांतील एका राजसत्तेची सरहद्द ओलांडून पलीकडे जात. तेथलें सरकार निराळें, नाणें निराळें, कायदा निराळा, कचेरींतील भाषा निराळी. तरी या प्रवासाला कोणी परदेशप्रवास म्हणत नसे. ‘देवाक जावन येवक होया’ एवढेंच म्हणत.

हा परदेश म्हणजे गोवा.

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं मालवण, वेंगुर्लें, देवगड हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. आणि १९४८ पर्यंत कुडाळ, सावंतवाडी, बांदें या बाजूला सावंतवाडी संस्थानचा अंमल होता. मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें १८१२ मध्यें इंग्रजांकडे गेलीं. म्हणून मालवणचा माणूस खुष्कीनें गोव्यास निघाला, आणि त्याला मोटार मिळाली, तर तो सकाळची पेज इंग्रजी मुलखांत पिऊन निघे, दुपारीं संस्थानच्या हद्दींत शिरे, आणि दिवेलागणीपूर्वीं तेरेखोलच्या खाडीवरील तरींत बसून पोर्तुगिजांच्या राज्यांत उतरे. खाडीच्या अलीकडे आरोंदें, पलीकडे किरणपाणी. एका दिवसांत तीन राज्यें! शिवाय सरहद्दीची रेषाही सरळ नव्हती. खाडीच्या मुखावरील तेरेखोलचा किल्ला सावंतांच्या हातून १७४६ मध्यें पोर्तुगिजांकडे गेला. तो उत्तर तीरावर आहे. म्हणजे परदेशाचा एक तुकडा नदीच्या अलीकडेच, रेडीच्या शेजाराला येऊन बसला होता. आजही तो गोव्यांतच मोडतो.

आतां मालवणच्या सुनेनें नमस्कार करावयाचा देव परदेशांत कां असावा? याचें उत्तर चारशें वर्षांहून जुनें आहे. पोर्तुगिजांनीं १५१० मध्यें तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्यें बारदेश व साष्टी हे महाल आपल्या पदरांत पाडून घेतले. त्यानंतर वीसपंचवीस वर्षांच्या आंत तेथलीं देवळें पाडलीं जाऊं लागलीं. तेव्हां कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ हीं दैवतें भक्तांनीं उचललीं आणि झुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालांत, म्हणजे हल्लींच्या फोंड्याच्या परिसरांत, नेऊन ठेवलीं. मडगांवचा दामोदर जांबावलीस गेला. अंत्रुज त्या वेळीं विजापूरच्या आदिलशाहींत होता. पहिल्यानें परदेशीं गेले ते देवच. देवांबरोबर माणसेंही निघालीं. कांहीं घराणीं दक्षिणेस कारवार, मंगळूर या बाजूला उतरलीं. कांहीं उत्तरेस वेंगुर्लें, मालवण, राजापूर या बाजूला सरकलीं. लोटलीकर, मडगांवकर, कुंकळ्येकर असलीं आडनांवें मालवणी मुलखांत आढळतात त्यांचें मूळ गोव्यांतल्या गांवांत आहे.

पुढें नवलच घडलें. देवांनीं ज्या राज्याबाहेर पाऊल टाकलें होतें, तें राज्यच दोन शतकांनीं त्यांच्या मागून चालत आलें. फोंडा महाल १७६३ मध्यें पोर्तुगिजांनीं घेतला. पेडणें महाल १७८८ मध्यें सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेला. तोंपर्यंत पोर्तुगिजांचा पहिला आवेश ओसरला होता. नव्या महालांतील देवळांस उपद्रव देऊं नये असें त्यांचें धोरण ठरलें होतें. त्यामुळें देव जागचे हलले नाहींत, पूजाअर्चा चालू राहिली, आणि देवळांचा कारभार महाजनांकडे राहिला. या महाजनांसाठीं पोर्तुगीज सरकारनें १८८६ मध्यें कायदाही केला. मालवणी मुलखाचें या देवळांशीं नातें नुसत्या नवसासायासाचें नव्हतें. कवळ्याच्या शांतादुर्गेचें हल्लींचें देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत उभें राहिलें तें छत्रपति शाहूंचे मंत्री नारो राम रेगे यांच्या खटपटीनें. आणि नारो राम हे वेंगुर्ल्याजवळच्या कोचरें गांवचे.

इंग्लंडांतही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नवीं जोडपीं लग्नानंतर फिरतीवर निघत, तीं एकांतासाठीं नव्हे. जे आप्त लांबच्या गांवीं असल्यामुळें लग्नास येऊं शकले नाहींत, त्यांच्या भेटीसाठीं तीं जात, व पुष्कळदां घरचीं माणसें त्यांच्याबरोबर असत. मालवणच्या रीतीचें मर्म याहून फार निराळें नव्हतें. लग्नाची पहिली अक्षत कुलदैवताला. पण त्याला येतां येत नाहीं. तें परदेशांत राहतें. तेव्हां ज्याला पहिलें आमंत्रण, त्याच्याच घरीं नव्या सुनेला दाखवावयास न्यावयाचें. सूर्योदय पाहावयाचे डोंगर किंवा पोहावयाचे किनारे यांचा त्या बेतांत संबंध नव्हता. मालवणच्या माणसानें किनारा पाहावयास परदेशीं जावें, हा विचार त्या काळीं वेडेपणाचाच ठरला असता.

हे बेत कसे होत हें समजण्यासाठीं एक घर डोळ्यांपुढें आणावें. असें घर मालवणांत कोठेंही सांपडलें असतें, म्हणून त्याला नांव देण्याचें कारण नाहीं. साल १९३२. फाल्गुनांत थोरल्या मुलाचें लग्न झालें. मुलगा मुंबईच्या एका पेढींत कारकून. त्याची रजा संपत आलेली. मुलगी वेंगुर्ल्याची, वय सोळा. कुलदैवत मंगेश. पावसाळ्यांत आगबोटी बंद होतात, म्हणून जावयाचें तें मृगाच्या आधीं. आणि नवऱ्याची रजा पाहतां, चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यांतच. बेत आंखण्याचें काम काकांकडे आलें. काका चार वेळां गोव्यास जाऊन आले होते, एवढ्यावरून घरांत त्यांना पोर्तुगीज राज्याचे अधिकारी जाणकार मानीत. त्यांनीं जमाखर्चाच्या वहीचें एक पान फाडून त्यावर बेत लिहिला.

मंगेशाची पालखी सोमवारीं निघते, म्हणून सोमवारीं मंगेशीस असलेंच पाहिजे. म्हणजे आगबोट शनिवारची. मुंबईहून निघालेली आगबोट वाटेंतलीं बंदरें घेत मालवणास येई. ती धक्क्याला लागत नसे, दूर समुद्रांत उभी राही, आणि उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत न्यावें लागे. पडावांतून आगबोटीच्या शिडीवर पाय टाकणें हा नव्या नवरीच्या प्रवासांतला सर्वांत धोक्याचा क्षण. म्हणून नऊवारी कशी खोचावी याची सूचनाही काकांच्या पानावर होती, व ती वाचून सासूबाई रागावल्या होत्या. पुढें वेंगुर्लें, मग आग्वादचा किल्ला उजाडतांना डाव्या हाताला, आणि मांडवींतून पणजी. मंगेशीच्या भटजींना पत्र गेलें. तिकडच्या तिकिटाचें उत्तर आलें, तें तिकीट घरांतल्या पोरांनीं पाण्यांत भिजवून सोडवून घेतलें. अग्रशाळेंत खोली मिळेल, जेवणाची व्यवस्था भटजींच्या घरीं होईल, असें त्यांत होतें. अग्रशाळा म्हणजे देवळाच्या आवारांतली यात्रेकरूंची उतरण्याची जागा.

पैशांचा हिशोब काकांनीं फार बारकाईनें केला. पोर्तुगीज राज्यांतला रुपीया व इंग्रजी रुपया यांचा भाव बरोबरीचा. पण रुपीयाचे आणे नसत, सोळा टांगे असत. एका टांग्याचा एक आणा धरावा, हें काकांनीं दोन वेळां लिहून त्याखालीं रेघ ओढली. त्या काळीं सामान्य उतारूस पारपत्र दाखवावें लागत नसे. पेटी मात्र उघडावी लागे. खरें पाहतां मध्यंतरीं हीही कटकट नव्हती. इंग्रज व पोर्तुगीज यांच्यांत १८७८ मध्यें तह होऊन जकातीची सरहद्द कांहीं वर्षें उठली होती, व त्याच्या मोबदल्यांत गोव्याच्या मिठावर इंग्रजांनीं आपली पकड बसवली होती. तो तह १८९२ मध्यें संपला आणि दोन्ही बाजूंचीं नाकीं पुन्हां उभीं राहिलीं. पलीकडच्या नाक्याला आल्फांदेगा म्हणत. कारवार ते तेरेखोल सर्वांस तो शब्द ठाऊक होता. पोर्तुगीज भाषेचे इतर शब्द ठाऊक नसले तरी चाले.

बरोबर कोण? सासू, सासरे, आजेसासू, काका, काकी, त्यांचीं दोन पोरें, आणि नवरानवरी. एकूण नऊ माणसें. हल्लींच्या वाचकाला मधुचंद्राला नऊ माणसें म्हटल्यावर हंसूं येईल. पण त्या घरांत नवव्या माणसाचा कोणाला भार वाटला नव्हता, उलट दहावी म्हणून मोलकरीण न्यावी कीं काय, यावर दोन दिवस खल चालला होता. परतीचा दिवस गुरुवार, पणजीहून आगबोट. पान भरलें. एवढ्या पानांत ज्यांच्यासाठीं प्रवास त्या दोघांना विचारून लिहिलेली एकही ओळ नव्हती. त्यांतही नवल नाहीं; त्या दोघांनींही तशी अपेक्षा केली नव्हती. लग्नाला तीन आठवडे होऊनही वडील माणसांच्या देखत त्यांचें एकमेकांशीं बोलणें झालें नव्हतें.

प्रवास ठरल्याप्रमाणें झाला. पणजीहून मोटार निघाली ती रायबंदरच्या लांबलचक जुन्या पुलावरून. हा पूल सतराव्या शतकांतला. मग जुनें गोवें. रस्त्याच्या दुतर्फा ओसाड राजधानीचीं मोठमोठीं इगर्जीं. ज्या नगरींतून देवळें पाडण्याचे हुकूम सुटले, तिच्यांतूनच देवाकडे जाण्याची वाट जाते, ही गोष्ट काकांनीं पोरांना समजावून सांगण्याचा यत्न केला; पोरें उलट्या करीत होतीं, म्हणून तो अर्ध्यावर राहिला. खाडी ओलांडली, अंत्रुजाची झाडी लागली, आणि दुपारच्या आंत मंडळी मंगेशीच्या सात मजली दीपमाळेखालीं उभी राहिली. सोमवारीं अभिषेक झाला, ओटी भरली, रात्रीं पालखी निघाली. देवाला प्रसाद लावला. या देवळांत मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घेतात; उजवी पडली तर मान्य, डावी पडली तर अमान्य. उजवी पडली.

मंगळवारीं म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळें असें तीन-चार कोसांच्या परिसरांतलें सर्व देवदर्शन झालें. त्या रात्रीं अग्रशाळेच्या ओसरीवर आजेसासूनें नव्या सुनेला जवळ बसवून विचारलें, “देवाक काय मागितलंस गो?” सुनेनें बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. मग ती म्हणाली, “काय नाय. माजो मायेरचो देव जांबावलीक आसा. एवढ्या लांब इलंय, तर तेका नारळ देवचो होतो.”

जांबावली अंत्रुजांत नाहीं. बोरीच्या तरीवरून झुवारी ओलांडावी, मडगांव गांठावें आणि तेथून पूर्वेकडे डोंगराच्या बाजूला जावें, तेव्हां दामोदराचें देऊळ येतें. जाऊन येऊन एक दिवस आणखी मोडणार, व गुरुवारची आगबोट हमखास चुकणार. हें गणित ओसरीवरच्या प्रत्येक माणसाला क्षणांत समजलें. आणखी एक गोष्टही समजली, ती अधिक अवघड होती. लग्न झालें कीं मुलीचें नांव बदलतें, गोत्र बदलतें, देव बदलतो. माहेरचा देव परका झाला असें कोणी म्हणत नाहीं, पण त्याच्यासाठीं सासरच्या नऊ माणसांचा बेत मोडावा, असेंही कोणी म्हणत नाहीं. काकांनीं खिशांतलें पान काढून त्याकडे पाहिलें. सासूबाईंनीं ‘पुढच्या खेपेला’ असे दोन शब्द उच्चारले. पुढची खेप म्हणजे कोणती, हें सर्व स्त्रियांना ठाऊक असतें.

तेव्हां ओसरीच्या दुसऱ्या टोंकाला बसलेला नवरा पहिल्यानेंच मोठ्यानें बोलला. “आगबोट चुकली तर चुकांदे. किरणपाण्याच्या तरीन जावया.”

त्याचें बोलणें बायकोला उद्देशून नव्हतें, आजीला उद्देशून होतें. पण तें कोणासाठीं आहे हें सर्वांना कळलें. आजी म्हणाली, “माका पण दामोदर बघूचो आसा. मी जातंय हेंच्यावांगडा.” आजीला दामोदर पाहण्याची इच्छा त्यापूर्वीं चाळीस वर्षांत कधीं झाली होती असें कोणालाही आठवेना. पण आजी निघाली म्हटल्यावर तो देवदर्शनाचा बेत झाला, हट्ट राहिला नाहीं. सहा माणसें आगबोटीनें परत गेलीं, तीन माणसें जांबावलीस गेलीं. आजी मोटारींत बसतांच झोंपली.

मंगेशीस ती सून होती. जांबावलीस तो जावई झाला. देवळांतल्या वृद्ध भटजींनीं मुलीच्या आजोळचीं, माहेरचीं नांवें विचारलीं, आणि जावयाला केळीच्या पानावर सर्वांच्या आधीं वाढलें. आजी पुढच्या आयुष्यांत ही गोष्ट कौतुकानें सांगे. तिला स्वतःच्या माहेरच्या देवाकडे जावयास मात्र मिळालें नव्हतें, हें ती कधीं सांगत नसे. तें सुनेनें पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्याच कोणाकडून ऐकलें.

परतीचा प्रवास जमिनीवरून झाला. मडगांव, पणजी, बेतीची तर, म्हापसें, पेडणें, आणि किरणपाण्याची तर. अलीकडच्या नाक्यावर ट्रंक उघडली गेली, तेव्हां लुगड्यांच्या घडींतून एक अत्तराची छोटी परदेशी बाटली निघाली. ती मडगांवच्या बाजारांत केव्हां घेतली गेली, आजीला ठाऊक नव्हतें. नवऱ्यानें बायकोला दिलेली ती पहिली वस्तु. ती नाकेदारानें दोन बोटांत धरून उन्हांत वर केली आणि कोणाची म्हणून विचारलें. नवरा खाडीकडे पाहूं लागला. नवरी जमिनीकडे पाहूं लागली. आजी विधवा, लाल आलवण नेसलेली, डोक्यावर पदर, ती पुढें झाली आणि म्हणाली, “माजी ती.” नाकेदारानें तिच्याकडे पाहिलें, जकात सांगितली, आजीनें कनवटीचा पैसा काढून ती मोजून दिली. पुढें शिरोड्याचीं मिठागरें लागलीं. याच मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यांत मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि याच गांवच्या शाळेंत त्या वेळीं वि. स. खांडेकर शिक्षक होते. मंडळी मात्र सरळ वेंगुर्ल्यास गेली. काकांचें पान त्याच दिवशीं चुलींत गेलें असें म्हणतात. परंतु काकांनीं तें मान्य केलें नाहीं.

या घराची पुढची वारी इतकी सुखाची झाली नाहीं. वरील जोडप्याच्या मुलाचें लग्न १९५५ च्या वैशाखांत झालें. आतां सासू होती ती १९३२ ची सून; बेत तिनें स्वतः आंखला, आणि नव्या सुनेला पहिला प्रश्न विचारला तो माहेरच्या देवाचा. पण बेत अंमलांत येणें तिच्या हातीं नव्हतें. देश स्वतंत्र झाला होता, गोवा झाला नव्हता. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं सत्याग्रहींच्या एका तुकडीनें तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. तेव्हांपासून सरहद्दीवर परवान्यांची कटकट वाढली होती. पावसाळा सरला म्हणजे परवाना काढून जाऊं, असें ठरलें. पावसाळा सरण्यापूर्वींच, १५ ऑगस्ट १९५५ रोजीं, बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीस व इतर ठिकाणीं सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनीं गोळीबार केला. पत्रादेवीस पडलेल्यांत पंजाबचा करनैलसिंग होता. त्यानंतर भारत सरकारनें पोर्तुगालशीं संबंध तोडले व सरहद्द बंद केली. ज्या वाटेनें नारळ आणि खण घेऊन माणसें शेंकडों वर्षें ये-जा करीत होतीं, ती वाट बंद झाली.

या बंदीचें राजकारण पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु त्या सहा-सात वर्षांत लग्न झालेल्या मालवणी घरांतल्या सुनांची गोष्ट कोठें फारशी लिहिलेली दिसत नाहीं. बंदी न्याय्य होती याविषयीं त्या घरांत दुमत नव्हतें. सासरे स्वतः गोवा मुक्तीच्या सभांना जात. पण लग्न लागलें आणि कुलदैवताचें दर्शन झालें नाहीं, तेव्हां विधि अर्ध्यावर राहिला, असें जुन्या बायकांच्या मनांतून जाईना. सासूनें एका फडक्यांत रुपया व सुपारी बांधून ती पुरचुंडी देव्हाऱ्यांत ठेवली. फेडावयाच्या ऋणाची ती खूण. घरांत पहिलें मूल झालें, तें महिन्याचें असतांना आजारी पडलें, तेव्हां शेजारणीनें पुरचुंडीकडे बोट दाखवलें. सासूनें शेजारणीस दाराबाहेर काढलें, आणि मग रात्रभर ती देव्हाऱ्यासमोर बसून राहिली. मूल बरें झालें. पुरचुंडीची गांठ मात्र तशीच राहिली.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता संपली. आतां तरी माघाच्या जत्रेला जावें, तर १९६२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं आठ ग्रह मकर राशींत एकत्र येणार म्हणून देशभर घबराट उडाली. प्रलय होणार, आगगाड्या उलटणार, अशा अफवा होत्या, आणि जागोजाग होमहवन चाललें होतें. साडेचारशें वर्षांचें राज्य छत्तीस तासांत गेलें तेव्हां जें घर निर्धास्त होतें, तें अष्टग्रहीला भ्यालें. प्रवास पुन्हां पुढें ढकलला. कवळ्याची पंचमी आणि मंगेशीची माघी पौर्णिमा दोन्ही हुकल्या.

अखेर वैशाखांत मंडळी निघाली. लग्नाला बरोबर सात वर्षें झालीं होतीं. सून एकटी नव्हती, एक मूल हाताशीं, एक कडेवर. आरोंद्याच्या तरीवर सासूबाईंनीं संवयीनें ट्रंकेची किल्ली काढून हातांत धरली. पलीकडे किरणपाण्याला ट्रंक उघडा असें म्हणणारा कोणी नव्हता. मंगेशीस पुरचुंडी सोडली, रुपया देवापुढें ठेवला. ओटी भरतांना भटजींनीं लग्न केव्हां झालें म्हणून विचारलें, आणि उत्तर ऐकून, त्या वर्षांतल्या अशा पुष्कळ सुना या उन्हाळ्यांत येऊन गेल्या, असें सांगितलें. मग मंडळी जांबावलीस गेली. तेथें कोणाचेंही माहेर नव्हतें, सासूबाईंचें सोडून.

हल्लीं त्याच घरांत पुन्हां लग्न झालें आहे. नातवाचा परदेशप्रवासाचा बेत चालू आहे. आतां पान नाहीं, दोघेंही हातांतल्या फोनवर शेजारीं शेजारीं बसून बेत करतात. कोठें राहावयाचें, काय पाहावयाचें, किती खर्चावयाचें, हें सर्व तीं दोघेंच ठरवतात, आणि नवी सून आपलें म्हणणें नवऱ्याला सर्वांसमक्ष सांगते. १९३२ च्या ओसरीवर तिच्यासारखीला एवढें बोलतां आलें असतें तर आजीला खोटें बोलावें लागलें नसतें. पारपत्रें तयार आहेत. विमान सुटणार तें मोप्याहून. मोपा गोव्यांतल्या पेडणें तालुक्यांत आहे. तेथला विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. म्हणजे एके काळीं जेथें पोहोंचणें हाच परदेशप्रवास होता, तेथून आतां परदेशप्रवास सुरू होतो. मोप्याहून मंगेशी फार दूर नाहीं. विमानाच्या आदल्या दिवशीं निघावें, दर्शन घ्यावें आणि परस्पर विमान गांठावें, असें नातवानें ठरवलें होतें, व घरांत तें सर्वांना पसंत पडलें होतें.

पण १९५५ ची सून, आतां नव्वदीला टेंकलेली आजी, पलंगावर पडल्या पडल्या सर्व ऐकत होती. तिनें नव्या सुनेला हांक मारली आणि विचारलें, “तुज्या मायेरचो देव खंयचो गो?” मुलगी यवतमाळची. ती म्हणाली, “माहूरची रेणुका, आजी.” माहूर नांदेड जिल्ह्यांत, मालवणाहून पाहतां मोप्याच्या अगदीं उलट दिशेला, सारा महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. नातवानें फोन खालीं ठेवला. आजीनें पुढें कांहीं म्हटलें नाहीं, फक्त उशाखालचा बटवा काढून त्यांतला एक रुपया बाजूला केला. विमानाचीं तिकिटें दहा दिवसांनीं पुढें गेलीं आहेत.